भोईर मॅडम घर बघायला जातात

आमच्या कॉलेजात मुलं निवडायला येणाऱ्या कंपन्यांची माणसं तयारीनिशी येतात. लॅपटॉप असतो, कंपनीची चकचकीत फिल्म असते, परीक्षेचे दोन-दोन संच असतात. कंपनी कुठल्या कुठल्या देशांत पसरली आहे, पाच वर्षांनी मुलगा कुठे पोचेल, काहीही विचारा, उत्तर पाठ. पण कल्याणच्या आमच्या कॉलेजात ती फिल्म लागायच्या आधी त्यांना प्लेसमेंटच्या खोलीत भोईर मॅडमसमोर बसावं लागे, आणि भल्याभल्यांची तिथे विकेट जाई. मॅडम चहा पुढे सरकवत आणि विचारत, “तुमच्याकडं जेवायची सुट्टी किती?”

समोरचा हसे. त्याला वाटे, गप्पांना सुरुवात झाली. मग दुसरा प्रश्न येई, की त्या सुट्टीत माणसं खरंच जेवतात की स्क्रीनसमोरच डबा उघडतात. मग कंपनीची शेवटची बस किती वाजता सुटते, आणि ती चुकली तर मुलगी घरी कशी पोचते. बायकांचं बाथरूम त्याच मजल्यावर आहे की खाली जावं लागतं. गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी आज किती टिकलेत. एचआरची माणसं हे लिहून घेत आणि ‘कळवतो’ म्हणत. तशी कळवायची गरज नसे. मॅडमना बरीचशी उत्तरं आधीच ठाऊक असत, कारण त्या आधीच्या आठवड्यात स्वतः जाऊन बघून आलेल्या असत.

याला त्या ‘घर बघणं’ म्हणत. पोरगी द्यायची तर आपण घर बघतो ना, मग पोर नोकरीला द्यायचं तर नको बघायला, असा त्यांचा साधा हिशेब होता. दिवसाचे दहा तास पोर तिथे काढणार, सासरी तरी कुठे एवढा वेळ जागेपणी असते, असंही त्या म्हणत.

मॅडमचं नाव सुरेखा. सासर शीळफाट्याजवळच्या गावातलं, माहेर कळव्याचं. आजोबांची मिठागरं होती, सासऱ्यांची भातशेती. आता मिठागरं गेली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि भोईर कुटुंबाचं भाड्यावर उत्तम चालत होतं. आपल्याला पगाराची गरज नाही हे त्या कुणी न विचारता सांगत. अकाउंटन्सी शिकवायला आल्या आणि प्रिन्सिपॉल सरांनी हळूहळू प्लेसमेंटचं काम गळ्यात घातलं. अंगाने भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात आणि हातांत इतकं सोनं की नवी मुलं नजर कुठे ठेवावी म्हणून गोंधळत. आवाज असा, की तळमजल्यावरून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग उठून उभा राही. शिकवताना भाषा पुस्तकी, स्वच्छ. रागावल्या किंवा खूश झाल्या की मात्र थेट गावची आगरी बोली.

मी कॉम्प्युटर शिकवते. कॉलेजात सगळ्यात नवी म्हणून मला त्यांच्या हाताखाली दिलं गेलं. डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरातली मी, मला प्रेझेंटेशन, एक्सेल, नीट आखलेला कार्यक्रम यांची भारी हौस. पहिल्याच आठवड्यात मी मॅडमना कंपन्यांची तुलना करणारा रंगीत तक्ता करून दिला. त्यांनी तो लांब धरून कौतुकाने पाहिला, “छान केलंयस गो,” म्हणाल्या आणि त्याच्यावर डबा ठेवला. मग उद्या सकाळी लवकर ये, महाप्याला जायचंय, म्हणाल्या.

महाप्याच्या त्या कंपनीची बस आम्ही रस्त्यात गाठली. ड्रायव्हरने ओळखपत्र विचारल्यावर मॅडमनी, भाचीला इथं नोकरी लागतेय, घर बघायला चाललोय, असं सांगून माझ्याकडे बोट दाखवलं आणि आत बसायला जागा कुठे आहे ते त्यालाच विचारलं. त्याने खिडकीची सीट दाखवली. मी एमएस्सी झालेली, नेट पास झालेली बाई, भाची म्हणून खिडकीशी बसले. दुपारी आम्ही फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. मॅडम कुणाला काही विचारत नव्हत्या. वडापाव खायला आलेल्या मुलींना फक्त जागा करून देत आणि ‘बसा गो’ म्हणत. मुली बसत आणि आपणहून बोलत. थोड्या वेळाने एक मुलगी ओढणी सावरत पलीकडच्या पेट्रोल पंपावरच्या बाथरूमकडे गेली, मग दुसरी गेली. मॅडम माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, की तुझ्या तक्त्यात हा रकाना होता का. नव्हता.

ती कंपनी त्यांनी नाकारली. प्रिन्सिपॉल सर संतापले. कॉलेजच्या जाहिरातीत त्या कंपनीचं बोधचिन्ह छापायचं त्यांच्या मनात होतं. मॅडमनी शांतपणे सांगितलं, की चिन्ह छापा, पोरी देणार नाही. 

मुलांची तयारीही त्या आपल्याच पद्धतीने घेत. बाहेरून आलेले ट्रेनर मुलांना टाय बांधायला आणि ‘मी परफेक्शनिस्ट आहे, हाच माझा दोष’ असं म्हणायला शिकवून जात. ते गेले की मॅडम दार लावून सगळं उलटं करत. एकदा एका मुलाने त्यांच्यासमोर हाच परफेक्शनिस्टचा पाठ म्हटला. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, अरे, तुझा दोष मला म्हाईत हाय, तुला सकाळी उठवत नाही. अख्खा वर्ग हसला, तोही हसला. मग मॅडमनी त्याला हेच सांगायला लावलं, आणि पुढे हेही सांगायला लावलं की त्यावर तो काय करतोय. तो म्हणाला, काहीच करत नाहीये. मॅडम म्हणाल्या, मग उद्यापासून कर, आणि परवा इंटरव्ह्यूत सांग.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मुलांना उपाशी जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. सकाळी त्यांच्या घरून मोठ्या डब्यांतून तांदळाच्या भाकऱ्या येत, बरोबर वालाची भाजी, आणि ओळखीच्या मुलांसाठी बाजूला झाकलेलं सुकटही. प्लेसमेंटच्या खोलीत वास कोंडे आणि मी अत्तर फवारत फिरे. उपाशी माणूस पहिल्याच आकड्याला हो म्हणतो, असं मॅडमचं म्हणणं होतं. पोट भरलेलं असलं की पोर दोन मिनिटं विचार करतं. नोकरी मागायची नाही, विचारायची, हे त्या मुलांना इतक्यांदा सांगत की आमच्या ग्रुपवर मुलांनी त्याचा स्टिकर करून टाकला.

आता ज्यासाठी हे सगळं आठवतंय, तिकडे येते.

बहुतेक कॉलेजांत एक नियम असतो, की एका मुलाला एका कंपनीत नोकरी मिळाली की त्याने पुढच्या कंपन्यांना बसायचं नाही, म्हणजे बाकीच्यांना संधी मिळते. मॅडमकडे हाच नियम होता, पण कारण वेगळं होतं. त्यांच्या लेखी तो साखरपुडा होता. निवड जाहीर झाली की त्या सगळ्यांना हॉलमध्ये बसवत. एकेक मूल उठून कंपनीच्या माणसासमोर ‘मी येणार’ म्हणे आणि कंपनीच्या माणसाला ‘आम्ही घेणार’ असं तोंडाने म्हणावं लागे. मग साखर वाटली जाई. कंपनीवाल्यांना हा प्रकार गमतीचा वाटे, ते फोटो काढून घेत. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र गंमत नसे. त्यांच्या मते त्या क्षणी दोन्हीकडचे लोक बांधले गेलेले असत.

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कंपनीचे निमकर नावाचे एचआर मॅनेजर आले, ते मॅडमना फार आवडले. ठाण्यात नौपाड्याला राहणारे, सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. जेवायच्या सुट्टीच्या प्रश्नाला हसले नाहीत. माहीत नव्हतं ते ‘माहीत नाही’ म्हणाले आणि तिथूनच फोन करून विचारून घेतलं. मॅडम घर बघून आल्या आणि त्यांनी जाहीर केलं, की घर खानदानी आहे. कंपनीने आमची सगळ्यात हुशार वीस-बावीस मुलं निवडली. हॉलमध्ये येणार-घेणार झालं, साखर वाटली गेली, आणि कंपनीकडून प्रत्येकाला एक काळी बॅग, एक टी-शर्ट आणि कंपनीचं नाव असलेला एकेक पांढरा मग मिळाला.

त्या मुलांमध्ये तृप्ती जगताप होती. आंबिवलीची. वडील तिथल्याच स्टँडवर रिक्षा चालवतात, मूळचे साताऱ्याकडचे. ते मुलीच्या निवडीच्या दिवशी पेढे घेऊन कॉलेजात आलेले. तृप्तीने मला सांगितलेलं, की त्यांनी तो मग घरच्या शोकेसमध्ये देवीच्या फोटोशेजारी ठेवलाय आणि कुणाला त्यातून चहा पिऊ देत नाहीत. आलेल्या-गेलेल्याला तो आधी दाखवतात.

जुलैत मुलं रुजू व्हायची होती. जूनच्या शेवटी मेल आला, की व्यावसायिक कारणांमुळे तारीख थोडी पुढे जात आहे. मग गणपतीनंतर असं कळलं. मग दिवाळीनंतर. दिवाळीनंतरच्या मेलमध्ये तारीखच नव्हती, लवकरच कळवू एवढंच होतं. वर्गातली जी मुलं हुशारीत मागे होती ती एव्हाना कुठे कुठे छोट्या कंपन्यांत लागून दोन-दोन पगार घेऊन मोकळी झाली होती. पहिल्या फळीतली मुलं बॅग-टी-शर्ट घेऊन घरात बसली होती. नियमामुळे त्यांना दुसरीकडे बसता येत नव्हतं.

तृप्तीचं मला सगळ्यात वाईट वाटे. स्टँडवरचे रिक्षावाले रोज तिच्या वडिलांना विचारायचे, की पोरगी कधी जॉइन होते. म्हणून ती स्टँडवरून जायचंच टाळायला लागली. स्टेशनला जाताना मागच्या गल्लीने लांबून वळसा घालायची. हे मला तिनेच सांगितलं, हसत सांगितलं, आणि मला त्या हसण्याचा राग आला. तिच्यावर नाही, सगळ्या प्रकारावर.

जानेवारीत ऐरोलीची एक बरी कंपनी येणार होती. मागच्या वर्षी पास झालेली मुलंही त्यांना चालत होती, फक्त हातात दुसरी ऑफर नको होती. प्रिन्सिपॉल सरांचा सल्ला सरळ होता. मुलांना गुपचूप बसवा, त्या घोडबंदरवाल्यांना कोण कळवायला जातंय. मीही तेच म्हणाले, थोडं जोरात म्हणाले. मॅडमनी मान हलवली. शब्द त्यांच्याकडून लांबला असेल, पण मोडलाय असं त्यांनी सांगितलेलं नाही, आणि आपण तर अजून मोडलेला नाहीच, असं त्यांचं म्हणणं. मुलांच्या ग्रुपवर त्यांच्याविषयी काय काय लिहिलं जात होतं ते मी त्यांना दाखवलं नाही, पण त्यांना कुणीतरी दाखवलं असावं. त्या आठवड्यात त्या डबा न उघडताच घरी नेत होत्या.

मग एके दुपारी तृप्ती खोलीत आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

“मॅडम, शब्द तुम्ही दिलेला,” ती म्हणाली, “पण घरात मी बसलेय.”

एवढंच बोलली. आवाजही चढवला नाही.  मॅडमच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग त्या उठल्या, तृप्तीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “जा बाय. उद्या पप्पांना घेऊन ये. येताना तुना दिलेलं सगलं सामान पन आन.”

ती गेल्यावर त्यांनी मला समजावलं. त्यांच्या गावाकडे ठरलेलं मोडायचं झालं तर ते फोनवर मोडत नाहीत. पाच माणसं समोरच्याच्या घरी जातात. दिलेल्या वस्तू मोजून परत ठेवतात. भांडत नाहीत. समोरच्याने ‘मोकळं केलं’ असं तोंडाने म्हटलं की चहा पिऊन उठतात. त्यानंतर पोर कुठेही द्यायला मोकळी. मी विचारलं, की मेल केला तर नाही का चालणार. मॅडम म्हणाल्या, मेलवर साखर वाटली होती का आपण?

दोन दिवस मुलं बॅगा आणून देत होती. काही टी-शर्ट धुऊन विटलेले, एकावर आंब्याचा डाग. मॅडमनी ते सगळे इस्त्री करून घेतले. पांढरे मग वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरले. पाच माणसांत स्वतः मॅडम, तृप्ती, तृप्तीचे वडील, मी, आणि मॅडमचे कळव्याचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव दादूस म्हणतं. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरीच मोठी गाडी, आणि मॅडमपेक्षाही थोडं जास्त सोनं. वाटेत दादूसनी तृप्तीच्या वडिलांकडे साताऱ्याकडच्या पावसाची चौकशी केली. जगताप ‘होय, होय’ म्हणत खिडकीबाहेर बघत होते.

घोडबंदर रोडवरच्या त्या काचेच्या इमारतीच्या रिसेप्शनमध्ये आम्ही पाच माणसं आणि सहा खोकी उभी राहिलो, तेव्हा सिक्युरिटीवाल्याला आधी कुरिअर आल्यासारखं वाटलं, मग मोर्चा आल्यासारखं. निमकर धावत खाली आले. मधल्या महिन्यांत ते बरेच वाळले होते. त्यांनी आम्हाला एका छोट्या मीटिंगच्या खोलीत नेलं. तिथे मॅडमनी टेबलावर एकेक वस्तू काढून ठेवायला सुरुवात केली. बॅगा, त्यांच्यावर टी-शर्ट, पुढे मगांच्या रांगा. निमकर कसंनुसं म्हणाले, की मॅडम, हे परत घेत नाहीत हो कुणी, मुलांना राहू द्या. मॅडम म्हणाल्या, की पोरं दुसऱ्या घरी द्यायचीत, तुमच्या वस्तू घेऊन जाणार नाहीत.

 दादूस फक्त म्हणाले, “साहेब, आमी भांडायला नाय आलो. पोरांची वाट मोकली करा.”

मोजून झालं. एक मग कमी होता. मॅडमनी पुन्हा मोजले, खोक्यांत हात घालून कागद चाचपले. तृप्ती हळू आवाजात म्हणाली, की आमचा होता तो, पप्पांच्या हातून फुटला. जगताप जमिनीकडे बघत होते. मॅडमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. साधा मग तो, बाजारात शंभरात दोन मिळतील असा. पण त्या अशा उभ्या होत्या, जणू त्यांच्या घरातून दुसऱ्याचा दागिना हरवलाय. मला वाटलं, आता या परत जायचं म्हणतात की काय. जानेवारीची ती कंपनी दोनच दिवसांवर होती.

निमकर उठून बाहेर गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या टेबलावरचा मग होता, तसाच पांढरा, कंपनीच्या नावाचा. त्यातली पेनं त्यांनी खिशात कोंबली होती. तो त्यांनी रांगेच्या शेवटी, रिकाम्या जागी ठेवला.

“आता बरोबर झाले,” ते म्हणाले.

मग ते खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि खरं ते सांगितलं. काम मिळालेलं नाही, मिळायची चिन्हं नाहीत, वरून परवानगी नाही म्हणून ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ते ‘लवकरच कळवू’चे मेल तेच लिहीत होते. दर मेल पाठवल्यावर आपल्याला जेवण जात नव्हतं, असं म्हणाले. मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “वरच्यांचं राहू द्या. शब्द तुम्ही दिलेला. तुम्ही सांगा.”

निमकर उभे राहिले. तृप्तीकडे बघून म्हणाले, “मोकळं केलं.”

मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोपर्यंत मला तो सगळा प्रकार खेडवळ वाटत होता. आणि आता एकदम, महिनोन् महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. निमकरांनाही वाटलं असावं. आमच्यात सगळ्यात मोठा श्वास त्यांनीच सोडला. मग चहा आला, कागदी कपांत आला, आणि आम्ही तो पिऊन उठलो.

ऐरोलीच्या कंपनीने त्यातली बरीच मुलं घेतली. तृप्तीला घेतलं नाही. तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, की एवढं करून हिचंच राहिलं तर मी कुठल्या तोंडाने त्या स्टँडवरून जाऊ. आंबिवलीच्या स्टँडवरून जायचं मॅडमना काही कारण नव्हतं, पण त्यांना ते खरोखर लागलं होतं. पुढचे काही आठवडे त्यांनी वागळे इस्टेटमधल्या लहान लहान कंपन्यांची घरं बघण्याचा सपाटाच लावला. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी एक छोटी कंपनी त्यांना पसंत पडली. जेवायला गच्चीवर शेड होती आणि मालक सगळ्यांबरोबर बसून जेवत होता.

तिथे मालकाने तृप्तीला विचारलं, की पास झाल्यापासून एवढे महिने काय केलं. या प्रश्नाला ट्रेनर लोक मुलांना ऑनलाइन कोर्सची नावं पाठ करायला लावतात. मॅडमनी तिला सकाळी दोन भाकऱ्या खायला घालून एवढंच सांगितलं होतं, की जे केलं ते सांग. तिने सांगितलं, की आधी वाट बघितली. मग घरबसल्या पप्पांच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यांचे लायसन्सचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागले, कारण ती वेबसाइट त्यांना समजत नाही. मालकाने विचारलं, काय समजत नाही? मग तृप्ती अर्धा तास बोलत होती. कुठलं बटण कुठे हवं, कुठल्या शब्दाला माणसं अडतात, फोटो चढवताना का घाबरतात. सोमवारपासून ये, असं त्याने तिथेच सांगितलं. शेजारी बसलेल्या मॅडमनी लेखी तारीख घेतल्याशिवाय तिला खुर्चीतून उठू दिलं नाही.

ती रुजू झाली त्याच आठवड्यात जगताप कॉलेजात आले. हातात रुमालाची पुरचुंडी. मॅडमच्या टेबलावर त्यांनी ती सोडली तर आत मग, पांढरा, धडधाकट.

“फुटला नव्हता,” ते म्हणाले. “म्या ठेवून घेतलेला. म्हटलं, ह्यो बी परत गेला तर घरात दाखवायला काय ऱ्हातंय? चुकलं माझं, मॅडम.”

मॅडम रागावतील असं मला वाटलं. त्या खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या, पोट धरून हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. मग त्यांना तिथेच बसवून चहा दिला, आणि तो मग कपाटात ठेवून कुलूप लावलं. ज्याचा त्याला देऊ, म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी नियम बदलला. साखर वाटली तरी पोर मोकळं. प्रत्यक्ष रुजू होईल त्या दिवशी ते बांधलं गेलं असं समजायचं. आणि चहाबरोबरच्या प्रश्नांत एक वाढला. तारीख लेखी देणार का?

मॅडमच्या निवृत्तीच्या वर्षी निमकर पुन्हा आले. ती घोडबंदरची कंपनी त्यांनी सोडली होती, की तिने त्यांना, ते मी विचारलं नाही. आता ते एका बेताच्या कंपनीत होते आणि त्यांना आमची दहा मुलं हवी होती. मॅडमनी त्यांना बसवलं आणि मला कपाटाची किल्ली दिली. मी तो मग धुतला, त्यात चहा ओतला आणि त्यांच्यापुढे ठेवला. निमकरांनी मगाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडमनी त्यांना जगतापांची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळा चहा संपवला, तो मग रुमालाने पुसला आणि बॅगेत ठेवला. आणि मॅडमनी तोंड उघडायच्या आत बोलायला लागले. जेवायची सुट्टी पाऊण तास, माणसं कँटीनमध्ये बसून जेवतात, बाथरूम त्याच मजल्यावर, शेवटच्या बसनंतर राहिलं तर गाडी, आणि ही जॉइनिंगची तारीख, सही-शिक्क्यासकट. “तरी तुम्ही बघून जा,” असंही म्हणाले. “बघून आलेय,” मॅडम म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्यांची खोली माझ्याकडे आली. मी माझा रंगीत तक्ता भिंतीवर लावलाय, पण त्यात आता पेट्रोल पंपाचा रकाना आहे. मध्ये शीळफाट्याजवळ एक नवी कंपनी सुरू झाली आणि तिने आमच्याकडे मुलं मागितली. मी मॅडमना फोनवर सहज सांगितलं, की येत्या आठवड्यात मी घर बघून येईन. त्या म्हणाल्या, ये हो बघून.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी रिक्षाने त्या बाजूने चालले होते. सिग्नलला थांबलो, तर पलीकडे त्या कंपनीची बस उभी. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी चढत होती, आणि त्यांच्या रांगेत मधोमध हिरव्या साडीत, अंगभर सोन्यात, हातात डब्याची पिशवी घेऊन भोईर मॅडम. ड्रायव्हर मान हलवत काहीतरी सांगत होता. मॅडम त्याला शांतपणे काहीतरी समजावत होत्या, बहुतेक भाचीचंच. मग एका मुलीने त्यांना हात दिला, त्या वर चढल्या आणि खिडकीशी जागा मिळवली. मी हाक मारली, पण ट्रकांच्या आवाजात गेली. सिग्नल सुटला आणि बस वळली.

संध्याकाळी मी घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“जेवन बरं हाय,” मॅडम म्हणाल्या. “गाडी वेलेवर सुटते. पोरी हसत बाहेर येतान. पोरं दे.”